किल्ल्यांच्या जुडग्यापासून घरभेटीपर्यंत : मानसिक आरोग्य आणि सिस्टर

“सिस्टरना कशाला सांगायचं? डॉक्टर आले की त्यांनाच सांगू.” दवाखान्याच्या बाकावर हे वाक्य वरचेवर ऐकू येते. रक्तदाब मोजणे, साखर तपासणे, बाळाची लस, जखमेची पट्टी यासाठी सिस्टर चालतात. पण रात्ररात्र झोप लागत नाही, कारण नसताना रडू येते, घरातला तरुण मुलगा एकटाच पुटपुटतो, हे सांगायची वेळ आली की आपण गप्प बसतो. मनाच्या आजारातले सिस्टरना काय कळणार, असे आपल्याला वाटते.

आजच्या लेखात या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधू. गेल्या सत्तर वर्षांत मानसोपचार उंच भिंतींच्या मनोरुग्णालयातून निघून साध्या दवाखान्यापर्यंत, काही ठिकाणी थेट रुग्णाच्या ओसरीपर्यंत आला. त्याला तिथवर आणण्याचे बरेचसे काम परिचारिकांनी केले. त्यात काय जमले आणि काय फसले, हे मोजून पाहिले गेले आहे. ते माहीत असेल, तर सिस्टरकडून काय अपेक्षा ठेवायची आणि काय ठेवायची नाही, हे तुम्हाला ठरवता येईल. (सोयीसाठी मी ‘सिस्टर’ म्हणतो आहे, या कामात ब्रदरही पहिल्यापासून आहेत.)

भिंतीआडचे दिवस

“याला ठाण्याला पाठवा”, “येरवड्यात भरती करा” अशी थट्टा आपल्याकडे अजूनही होते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि कित्येक पिढ्यांसाठी मानसोपचार म्हणजे हीच चार नावे होती. मनाचा आजार झाला की माणसाला दूर कुठेतरी ठेवायचे, ही समजूत या थट्टेत टिकून राहिली आहे.

अशी रुग्णालये इंग्रजांच्या पद्धतीवर उभी राहिली. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात ‘असायलम’ नावाच्या प्रचंड इमारती बांधल्या गेल्या. तिथे काम करणाऱ्यांना नर्स म्हणत नसत, ‘अटेंडंट’ म्हणत, म्हणजे राखणदार. कमरेला किल्ल्यांचा जुडगा ही त्यांची ओळख. दारे उघडायची, बंद करायची, रुग्ण मोजायचे, अंघोळी घालायच्या, भांडणे सोडवायची. १८८५ मध्ये त्यांच्यासाठी पहिली मार्गदर्शक पुस्तिका निघाली आणि १८९१ पासून परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणे सुरू झाले. राखणदाराची नर्स होण्याची सुरुवात तिथे झाली. तरी काम भिंतीच्या आतच होते. १९५० च्या दशकाच्या मध्यात इंग्लंड आणि वेल्समधल्या मनोरुग्णालयांत जवळपास दीड लाख माणसे राहत होती.

आपल्याकडे प्रश्न उलटा होता. भोर समितीने १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा मोठा अहवाल दिला. त्यानुसार संपूर्ण देशात मनोरुग्णांसाठी सुमारे १०,००० खाटा होत्या. देशाची लोकसंख्या तेव्हा चाळीस कोटींच्या घरात होती. म्हणजे इंग्लंडमध्ये माणसे भिंतीआड अडकून पडली होती आणि आपल्याकडे बहुसंख्य रुग्णांना कोणताच उपचार मिळत नव्हता. कुणी घरात कोंडलेले असे, कुणी देवळा-दर्ग्यात, कुणी रस्त्यावर. आपला आणि त्यांचा आजार एकच असला, तरी उपाय वेगवेगळ्या दिशांनी शोधावा लागणार होता. गंमत म्हणजे दोन्ही देशांतली वाट शेवटी नर्सच्या घरभेटीपाशीच पोहोचली.

रुग्णालयाबाहेर पडलेल्या नर्स

लंडनच्या दक्षिणेला वॉर्लिंगहॅम पार्क नावाचे मनोरुग्णालय होते. त्याचे प्रमुख डॉ. टी. पी. रीस यांनी १९३० च्या दशकापासूनच वॉर्डांची कुलुपे काढायला सुरुवात केली होती. कुलपे काढल्यावर पुढचा प्रश्न आला. बरे वाटलेले रुग्ण घरी जात, काही महिन्यांत पुन्हा बिघडत आणि परत येत. घरी गेल्यावर त्यांचे नेमके काय होते, हे रुग्णालयात बसून कळणे शक्य नव्हते.

१९५४ मध्ये या रुग्णालयाने आपल्या काही नर्सना वॉर्डच्या कामातून मोकळे केले आणि बाहेर पाठवले. लीना पीट या त्यांपैकी एक. सुटी मिळालेल्या रुग्णांना भेटायचे, खाणेपिणे, झोप, औषध, घरातले संबंध पाहायचे, राहायला जागा आणि काम मिळते का ते बघायचे, बिघडण्याची चिन्हे दिसली तर डॉक्टरांना कळवायचे, असे हे काम होते. त्यांना ‘बाह्यरुग्ण नर्स’ म्हटले गेले. ब्रिटनमधल्या समुदाय मानसोपचार परिचर्येचा आरंभ या घटनेपासून मोजतात.

याच सुमाराला आणखी एक बदल झाला. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा उपयोग मानसिक आजारात सुरू झाला. भास, संशय, प्रचंड अस्वस्थता पहिल्यांदाच गोळीने कमी होऊ लागली. रुग्ण घरी राहू शकतील अशी शक्यता निर्माण झाली. पण गोळी रोज घ्यावी लागते आणि बरे वाटू लागले की माणूस ती सोडतो. हे तुम्हाला मधुमेह आणि रक्तदाबाच्या बाबतीतही ठाऊक असेल. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्लुफेनाझिनचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन आले. दोन-चार आठवड्यांतून एकदा दिले की पुरे.

हे इंजेक्शन द्यायला नर्स लागत. त्यामुळे बाहेर काम करणाऱ्या नर्सची संख्या वाढत गेली. दर काही आठवड्यांनी नर्स घरी जाणार हे ठरून गेले. इंजेक्शन देऊन व्हायला पाच मिनिटे लागतात. पण दार उघडायला उशीर का झाला, घरात चूल पेटली आहे की नाही, आईच्या चेहऱ्यावर काय दिसते, हे सगळे त्या भेटीत दिसे. डॉक्टरांच्या खोलीत व्यवस्थित कपडे घालून बसलेल्या रुग्णाकडे बघून हे कळत नाही. मात्र एक धोकाही होता. काही ठिकाणी भेट म्हणजे फक्त इंजेक्शन असे समीकरण झाले. नर्स आली, टोचून गेली. बोलणे राहून गेले. हा धोका आजही टळलेला नाही.

डोके दुखते म्हणून आलेली माणसे

आतापर्यंतची गोष्ट गंभीर आजारांची होती. पण मनाचा त्रास असणारी बहुतेक माणसे मनोरुग्णालयाच्या जवळपासही जात नाहीत. मग ती जातात कुठे?

लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल शेफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न साध्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत जाऊन तपासला. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की वर्षभरात दवाखान्याच्या यादीतल्या दर १०० प्रौढांमागे सुमारे १४ जण मनाशी निगडित तक्रार घेऊन डॉक्टरांकडे येतात आणि त्यातल्या अगदी थोड्यांना तज्ज्ञाकडे पाठवले जाते. म्हणजे नैराश्य आणि चिंतेच्या आजारांचे खरे केंद्र हा साधा दवाखाना होता. हे कोणी ठरवून केलेले नव्हते. लोक जिथे जातात तिथेच आजार पोहोचला होता.

आपल्याकडेही तसेच असेल का? १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सात देशांत एक मोठा प्रकल्प सुरू केला. भारतातले केंद्र होते हरियाणातले रायपूर राणी. चंडीगडच्या पीजीआय संस्थेतील डॉ. एन. एन. विग यांच्या गटाने तिथे काम केले. प्रश्न साधा होता : जिथे मानसोपचारतज्ज्ञ नाहीत, तिथे आधीपासून असलेले आरोग्य कर्मचारी हे काम करू शकतील का?

या प्रकल्पात चार देशांतील प्राथमिक केंद्रांत आलेल्या १,६२४ रुग्णांची तपासणी झाली. भारत त्यात होता. २२५ जणांना, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांना, मानसिक आजार होता. लंडनच्या पाहणीची पद्धत वेगळी होती, तरी आकडा जवळपास तोच निघाला. यातल्या बहुतेकांनी तक्रार सांगितली ती डोकेदुखी, पोटदुखी, खोकला किंवा अशक्तपणाची. आपल्या भाषेत सांगायचे तर हातापायाला मुंग्या, छातीत धडधड, ‘अंगात ताकदच नाही’. आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी त्यातले दर तिघांपैकी साधारण दोघे ओळखलेच नव्हते.

हा निष्कर्ष वाचून कर्मचाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांना हे कोणी शिकवलेलेच नव्हते. माता आणि बालकांचे आरोग्य, हिवताप, क्षयरोग, कुटुंब नियोजन यांचे प्रशिक्षण होते, मनाचे नव्हते. शिवाय रुग्णही स्वतःहून मनाचे बोलत नव्हता. दोन्ही बाजूंनी गप्प राहिल्यावर डोकेदुखीची गोळी देऊन तपासणी संपायची.

बंगळूरच्या दोन गोष्टी

त्याच काळात बंगळूरच्या निमहन्स संस्थेत दोन वेगवेगळे प्रयत्न चालू होते. या संस्थेच्या पूर्वावतारात, म्हणजे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत, १९५० च्या दशकातच मानसोपचार परिचर्येचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला होता. त्यामुळे या विषयात शिकलेल्या नर्स देशात सर्वप्रथम तिथे तयार होऊ लागल्या.

पहिला प्रयत्न शहराजवळच्या साकलवारा या गावात झाला. तिथल्या केंद्राने प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि गावोगाव फिरणारे बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी यांना शिकवायला घेतले. शिकवण्याची पद्धत मुद्दाम साधी ठेवली. तज्ज्ञाला लागणारे सगळे ज्ञान त्यांच्यावर लादले नाही. अपस्मार म्हणजे फिट येणे, भास-भ्रम असलेला गंभीर आजार, नैराश्य, मतिमंदत्व अशी मोजकी यादी केली. लक्षणे गावच्या बोलीत सांगितली. रुग्ण सापडला तर काय करायचे, कुणाकडे पाठवायचे आणि औषध चालू आहे ना हे कसे पाहायचे, एवढेच ठरवून दिले.

दुसरा प्रयत्न कमी जणांना माहीत आहे, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. डॉ. शैला पै आणि डॉ. आर. एल. कपूर यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे २७-२७ जणांचे दोन गट घेतले. एका गटाला नेहमीप्रमाणे रुग्णालयात दाखल केले. दुसऱ्या गटाला घरीच ठेवले आणि प्रशिक्षित नर्स त्यांच्या घरी जात राहिली. सहा महिन्यांनी दोन्ही गट तपासले. घरी उपचार घेतलेल्यांची लक्षणे अधिक सुधारली होती, त्यांचे कामधाम आणि माणसांशी वागणे अधिक चांगले होते, कुटुंबावरचा भार बराच कमी झाला होता आणि खर्चही कमी आला होता. हे निष्कर्ष १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाले.

५४ रुग्णांचा अभ्यास छोटाच म्हणायचा. पण तो भारतीय घरांत झाला आहे, जिथे रुग्णाची खरी काळजी आई, बायको, भाऊ घेतात आणि त्यांना कोणी काही समजावून सांगत नाही. ‘तो मुद्दाम करत नाही’, ‘औषधाने हात थरथरत असेल तर बंद करू नका, आम्हाला सांगा’, ‘त्याच्याशी वाद घालू नका, पण ताट त्याला स्वतः उचलू द्या’ अशा साध्या गोष्टी सांगणारे कोणी घरी आले तर घर सावरते.

सारख्याच नर्स, वेगळे निकाल

आता पुन्हा इंग्लंडकडे जाऊ, कारण पुढचा धडा तिथे मिळाला आणि तो कडू आहे.

१९७० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात डॉ. आयझॅक मार्क्स यांनी नर्सना एक विशिष्ट उपचार शिकवला. भयगंड आणि मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, या आजारांत रुग्णाला ज्या गोष्टीची भीती वाटते, तिला पायरीपायरीने सामोरे जायला मदत करायची. लिफ्टची भीती असेल तर आधी दारापर्यंत, मग आत, मग एक मजला. वारंवार हात धुणारा असेल तर दाराच्या कडीला हात लावायचा आणि हात न धुता थांबायचे. तोवर हे काम डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांचे मानले जाई. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा प्रशिक्षित नर्स फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत बसल्या. वर्षभरानंतर त्यांच्याकडचे रुग्ण, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक बरे होते.

यश दिसल्यावर मानसोपचार नर्स मोठ्या संख्येने फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांशी जोडल्या जाऊ लागल्या. डॉक्टर त्यांच्याकडे उदास, चिंताग्रस्त, ताणाखाली असलेल्या रुग्णांना पाठवत. नर्स आपापल्या समजुतीप्रमाणे त्यांच्याशी बोलत. १९९४ मध्ये उत्तर लंडनमधल्या सहा आरोग्य केंद्रांतील १७७ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण वाटले होते : काही नर्सकडे, काही डॉक्टरांच्याच नेहमीच्या देखरेखीखाली. शेवटी दोन्ही गटांत फरक आढळला नाही. नर्सच्या तासन्‌तासांच्या मेहनतीने रुग्णांच्या सुधारणेत काही भर पडली नव्हती.

याहून गंभीर बाब दुसरीच होती. नर्सचा वेळ सौम्य तक्रारींकडे वळल्यामुळे स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घ आजाराच्या रुग्णांकडे दुर्लक्ष होत होते. ज्यांच्यासाठी १९५४ मध्ये नर्स रुग्णालयाबाहेर पडल्या, तेच मागे पडू लागले.

दोन्ही वेळी नर्सच होत्या, दवाखानेही तसेच, माणुसकीतही कमतरता नव्हती. मग फरक कुठला? पहिल्या वेळी ठरावीक आजारासाठी ठरावीक उपचार शिकवलेला होता. कोणाला घ्यायचे, काय करायचे आणि सुधारणा कशी मोजायची, हे स्पष्ट होते. दुसऱ्या वेळी ‘नर्सशी बोला, बरे वाटेल’ एवढेच होते. सहानुभूतीने धीर येतो, हे खरे. पण नैराश्याचा आजार नुसत्या धीराने हटत नाही, जशी साखर नुसत्या धीराने उतरत नाही.

मग जमले कसे?

या धड्यातून पुढे एक पद्धत घडली. अमेरिकेत तिची सर्वांत मोठी चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. १८ प्राथमिक दवाखाने, साठ किंवा अधिक वयाचे नैराश्याचे १,८०१ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांसाठी दवाखान्यातच एक व्यक्ती नेमली, बहुधा नर्स किंवा मानसशास्त्रज्ञ. तिचे काम ठरलेले होते. रुग्णाला आजार समजावायचा, ठरावीक प्रश्नावलीने नैराश्य किती आहे ते वरचेवर मोजायचे, औषध घेतले जाते का ते विचारायचे, छोटा आखीव समुपदेशन कार्यक्रम घ्यायचा, रुग्ण आला नाही तर फोन करायचा. दर आठवड्याला मानसोपचारतज्ज्ञाशी बसून, जे सुधारत नाहीत त्यांची चर्चा करायची. औषध लिहायचे ते डॉक्टरांनीच.

वर्षाअखेर या गटातील ४५ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याने किंवा अधिक कमी झाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १९ टक्के होते. औषधे दोन्हीकडे तीच उपलब्ध होती. फरक पडला तो पाठपुराव्याने.

आपल्या शेजारच्या गोव्यात ही पद्धत भारतीय परिस्थितीत तपासली गेली. ‘मानस’ नावाच्या या चाचणीत १२ प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने होते आणि २,७०० हून अधिक रुग्ण. निकाल २०१० मध्ये आला. इथे समुपदेशनाचे काम नर्सनी केले नाही. त्यासाठी स्थानिक व्यक्तींना खास प्रशिक्षण दिले होते; डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी होते. सरकारी केंद्रांत नैराश्य किंवा चिंतेचा आजार असलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीच्या पद्धतीत सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

गोव्याचा निकाल नर्सच्या कथेत मी मुद्दाम आणला आहे. काम नीट आखून दिले, शिकवले आणि वर तज्ज्ञाचा आधार ठेवला, तर ते करणाऱ्या व्यक्तीकडे मोठी पदवी असलीच पाहिजे असे नाही, हे त्यातून कळते. आणि गर्दीच्या सरकारी केंद्रात, जिथे डॉक्टरांना एका रुग्णामागे दोन-तीन मिनिटे मिळतात, तिथे अशा व्यक्तीची गरज सर्वांत जास्त आहे.

कागदावर आणि प्रत्यक्षात

आपल्या देशाने हे धोरण म्हणून लवकर स्वीकारले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, तेव्हा असे कार्यक्रम असलेले देश थोडेच होते. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात निमहन्सच्या मदतीने संपूर्ण जिल्ह्यासाठी तो करून पाहिला. १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चार जिल्ह्यांत सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सर्व पातळ्यांवरच्या सामान्य आरोग्यसेवेत, प्राथमिक केंद्रातही, मानसिक आरोग्यसेवा समाविष्ट करणे सरकारवर बंधनकारक केले आणि ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ ही कायद्यातली ओळख दिली. २०१८ नंतर उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले. आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांत, म्हणजे सीएचओंमध्ये, नर्सिंगचे पदवीधर बरेच आहेत. मानसिक आजारांची प्राथमिक तपासणी आणि पाठपुरावा त्यांच्या कामाच्या यादीत आहे.

तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले की सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. ही दरी का उरली, याची कारणे वरच्या इतिहासातच सापडतात. प्रशिक्षण एकदा होते आणि उजळणी होत नाही. उपकेंद्रातल्या सिस्टरकडे लसीकरण, बाळंतपणे, क्षयरोग, सर्वेक्षणे आणि डझनभर नोंदवह्या असतात. मनाचे काम त्यात भर म्हणून येते. रुग्ण ओळखला तरी औषध संपलेले असते किंवा वर विचारायला तज्ज्ञ नसतो. अशा वेळी सिस्टरना फक्त एक जास्तीचा रकाना भरायला मिळतो. १९९४ च्या लंडनमधला धडा आपल्यालाही तितकाच लागू आहे.

तुम्ही काय कराल?

ही गोष्ट वाचून तुम्हाला दवाखान्यात काही गोष्टी वेगळ्या करता येतील.

शरीराची तक्रार सांगताना मनाचेही एक वाक्य जोडा. “डोके दुखते” यापुढे “आणि महिनाभर कशातच मन लागत नाही” एवढे म्हटले, तरी रायपूर राणीत राहून गेलेली गोष्ट तुमच्या बाबतीत राहणार नाही. डॉक्टरांकडे गर्दी असेल तर सिस्टरना सांगा. तुमचे सांगणे गुप्त ठेवणे हे त्यांचे कर्तव्य आहे. बाकावर सगळ्यांसमोर बोलायचे नसेल तर “सिस्टर, जरा बाजूला बोलायचे आहे” असे म्हणायला संकोचू नका.

सिस्टर ठरावीक प्रश्नावली वाचून झोप, भूक, उत्साह, जगणे नकोसे वाटणे याबद्दल विचारतील. हे प्रश्न यांत्रिक वाटले तरी खरी उत्तरे द्या. साखर मोजल्याशिवाय औषध किती लागू पडले हे कळत नाही, तसेच हे मोजमाप आहे. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट बोलल्याने मदतीची वाट मोकळी होते.

नैराश्याची औषधे लागू पडायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, दुष्परिणाम मात्र आधी जाणवू शकतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात बरेच जण गोळी सोडतात. सोडण्याआधी सिस्टरना दाखवा. डोस बदलणे किंवा औषध थांबवणे हे डॉक्टर ठरवतील, पण त्रास त्यांच्यापर्यंत लवकर पोहोचवण्याचे काम सिस्टर करतात.

घरात स्किझोफ्रेनियासारखा दीर्घ आजार असेल, तर वजन, रक्तदाब आणि साखर नियमित तपासून घ्या. या रुग्णांच्या शरीराच्या आजारांकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष होते आणि काही औषधांनी वजन व साखर वाढते. घरभेटीला आशाताई किंवा सिस्टर आल्या तर रुग्णाला आतल्या खोलीत लपवू नका. औषध कोण देते, झोप कशी आहे, तुम्ही स्वतः किती थकला आहात, हे त्यांना सांगा.

आणि अपेक्षाही ठेवा. “पुढची भेट कधी? मी आलो नाही तर तुम्ही फोन कराल का? अडले तर मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी भेटतात?” हे तीन प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. उत्तरे मिळाली नाहीत तर ग्रामसभेत किंवा रुग्ण कल्याण समितीत ती मागता येतात. सिस्टरना वेळ, उजळणी आणि वर आधार मिळावा, अशी मागणी रुग्णांनी केली तर तिला वजन येते.

जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, किंवा घरातल्या कुणाबद्दल तशी शंका असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच जवळच्या रुग्णालयात जा, त्या माणसाला एकटे सोडू नका. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे आणि मराठीत बोलता येते.

पुढच्या खेपेला रक्तदाब मोजताना सिस्टरनी सहज विचारले, “झोप लागते का नीट?”, तर तो औपचारिक प्रश्न समजू नका. एक मिनिट थांबा आणि खरे काय ते सांगा.